भरपाई मागणाऱ्याचे नाव



गुरुजींच्या स्मृतिदिनी येथे बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल संस्थेची मी ऋणी आहे. या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, शिक्षण अशा विषयांवर जाणकारांनी आपले विचार मांडले आहेत. मी कोर्टकचेऱ्यांत आयुष्य घालवलेली बाई. माझ्याजवळ तसा भारदस्त विषय नाही. महिनाभरापूर्वी कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, ‘गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाला सरकार जी भरपाई देते, ती मागताना त्याचे नाव गुप्त कसे राहील, यावर बोलेन.’ ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘वकीलबाई, शाळेत हा विषय?’ शाळेतच, असे मी त्यांना सांगितले. का, ते ओघात येईलच.

सुरुवात गुरुजींपासूनच करते. माझे प्राथमिक शिक्षण दुसऱ्या एका गावात झाले. तेथील शाळेत गरीब विद्यार्थी निधीतून ज्यांना पुस्तके आणि गणवेश मिळत, त्यांची नावे वर्षारंभी दर्शनी फलकावर खडूने लिहीत असत. देणगीदारांना हिशेब कळावा हा हेतू. त्यात दुष्टपणा नव्हता. परंतु त्या फलकावरून जाताना मी मान खाली घालून जात असे, आणि दुसऱ्या वर्षी मी वडिलांना सांगितले की मला पुस्तके नकोत, मी शेजारच्या मुलीची वाचीन. पुढे मी या शाळेत आले. एके दिवशी गुरुजींनी साऱ्या वर्गादेखत माझ्या हातात पुस्तकांचा एक गठ्ठा दिला आणि ‘ही वाचनालयात नेऊन ठेव’ म्हणून सांगितले. गठ्ठ्यात एक चिठ्ठी होती: ‘खालची चार तुझी.’ निधीच्या वहीत, हे मला फार नंतर कळले, नावे नसतच, क्रमांक असत. कोणता क्रमांक कोणाचा हे दुसऱ्या एका वहीत असे आणि ती वही गुरुजींच्या कपाटात असे. हिशेबतपासनीस आले की त्यांना पहिली वही मिळे. दुसरी फक्त संस्थेच्या अध्यक्षांनी पाहावी, असा दंडक होता.

वकिली करू लागल्यावर तो फलक मला फार वेळा आठवला, आणि ते कपाटही.

गुन्हेगाराला शिक्षा झाली की न्याय झाला, अशी आपली जुनी समजूत. ज्याच्यावर गुन्हा घडला तो माणूस साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राही आणि साक्ष संपली की घरी जाई. त्याचे पुढे काय झाले हे विचारण्याचे काम कोणाचेच नव्हते. राज्याने प्रजेचे रक्षण करावयाचे असते, ते करण्यात ते कमी पडले तर निदान नुकसानीचा काही भाग त्याने उचलावा, हा विचार जगात तसा अलीकडचा आहे. न्यूझीलंडने 1963 साली त्यासाठी कायदा केला, ब्रिटनने 1964 साली योजना काढली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1985 साली पीडितांच्या न्यायाविषयी एक जाहीरनामा संमत केला. त्यात भरपाईचा उल्लेख आहे आणि पीडिताची खाजगी बाब जपण्याचाही आहे.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी प्रथम ठळकपणे आल्या त्या 1994 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात. रांचीहून दिल्लीकडे निघालेल्या रेल्वेगाडीत सहा मोलकरणींवर लष्करी जवानांनी अत्याचार केल्याचे ते प्रकरण. घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या दिल्लीतील एका संघटनेने ते न्यायालयापुढे नेले. न्यायालयाने सूचनांची जी यादी घालून दिली, तीत पीडितेचे नाव गुप्त राहावे ही एक होती आणि गुन्ह्यातील हानीच्या भरपाईसाठी मंडळ स्थापावे ही दुसरी. त्या एकाच गरजेतून निघालेल्या होत्या. ज्या बाईकडे ना पैसा ना पाठबळ, तिला पैसाही हवा आणि तो घेताना नावही झाकलेले हवे.

पुढे मात्र त्यांची ताटातूट झाली. किंबहुना ती आधीच झालेली होती. नावाचा कायदा 1983 सालीच आला होता. त्याचा उगम आपल्या महाराष्ट्रातला. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची ती फिर्याद. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली दोन्ही पोलीस शिपायांना सोडून दिले. त्यावर 1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांनी मोर्चे काढले आणि अखेर 1983 साली कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम 228 अ घातले गेले: अशा गुन्ह्यातील पीडितेचे नाव, किंवा जिच्यावरून तिची ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट छापणाऱ्यास वा प्रसिद्ध करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गंमत म्हणावी की दुर्दैव, ज्या मुलीमुळे हा कायदा झाला तिचे नाव आजही कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. खटल्याच्या अधिकृत मथळ्यात नाव आहे ते शिपायाचे. पण वकील मंडळी खटला ओळखतात तो तिच्या नावाने. मीही वर्षानुवर्षे तसाच ओळखत आले. आज मी ते घेणार नाही.

पैशाचा कायदा यायला त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लागला. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357 अ आले आणि ते 31 डिसेंबर 2009 पासून अमलात आले. प्रत्येक राज्याने पीडितांसाठी नुकसानभरपाई योजना आखावी, न्यायालयाने शिफारस केल्यास वा पीडिताने अर्ज केल्यास जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करून रक्कम ठरवावी, आणि गुन्हेगार सापडला नाही तरीही पीडिताला अर्ज करता यावा, अशी ती तरतूद. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हा हेच तिच्या 396 व्या कलमात आले. जुने 228 अ भारतीय न्याय संहितेचे कलम 72 झाले. महाराष्ट्राने 2 ऑक्टोबर 2013 पासून मनोधैर्य योजना चालवली. 2018 साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, ज्याला आपण नालसा म्हणतो, स्त्रियांसाठी एक नमुना योजना तयार केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती साऱ्या देशासाठी स्वीकारली. बलात्काराच्या प्रकरणी 4 ते 7 लाख रुपये, अशी तिच्यातली एक ओळ.

आता कलम 357 अ आणि कलम 396 ही दोन्ही शेजारी ठेवून वाचा. रक्कम आहे, मुदत आहे, चौकशी आहे, तातडीची मदत आहे. अर्जदाराचे नाव कोणी, कोठे, कसे जपावे याविषयी एक शब्द नाही. आणि नावाच्या कलमात पैशाच्या अर्जाचा विचार नाही. ते कलम मुख्यतः वर्तमानपत्रावर नजर ठेवून लिहिलेले आहे. ते छापखान्याला पकडते. कारकुनाला, शिपायाला, तिठ्यावरच्या गप्पांना ते पकडत नाही. भरपाईची फाईल तर छापखान्यात जातच नाही. ती हातोहात फिरते.

कशी फिरते ते सांगते, कारण सगळे दुखणे तेथे आहे. अर्जाला प्रथम खबरी अहवालाची प्रत लागते, म्हणून पोलीस ठाणे. वैद्यकीय कागद लागतात, म्हणून रुग्णालय. ओळख आणि पत्ता लागतो, म्हणून कोणाकडून तरी दाखला. चौकशी होते, म्हणून कोणीतरी घरी येते. पैसे खात्यात पडतात, म्हणून बँक, आणि बँकेतली ती पासबुक छापून देणारी व्यक्ती, जी बहुधा आपल्याच वाड्यावरची असते. मुंबईत हे सारे अनोळखी लोकांमध्ये घडते. मांद्र्यात, मोरजीत, हरमलला ते ओळखीच्या माणसांत घडते. आपल्या गावात सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला कोणत्या घरी आज दिवा लागला नाही हे ठाऊक असते. येथे नाव गाळून काय होणार? ‘किनाऱ्याजवळच्या वाड्यावरील, वडील होडीवर जाणारी, दहावीत शिकणारी मुलगी’ एवढे म्हटले की नाव सांगण्याची गरजच उरत नाही. खेड्यात माणसाची ओळख नावात फार थोडी असते. ती घरात, धंद्यात, देवळाच्या मानात, मामाच्या गावात असते.

मुलांसाठी केलेल्या कायद्याने हे ओळखले आहे, आणि मला वाटते तेथे कायदा लिहिणाऱ्याला खेडे ठाऊक असावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 सालचा कायदा, पॉक्सो, त्याचे कलम 23. प्रसारमाध्यमांनी काय उघड करू नये याची यादी त्यात आहे: मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार. शेजार हा शब्द त्यात आहे. शाळा हा शब्दही आहे. 2015 सालच्या बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमातही शाळेचा उल्लेख आहे. कार्यवाहांना मी ‘शाळेतच’ म्हणाले त्याचे एक कारण हे.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगते. गाव, साल, नाते, सारे बदलले आहे. न बदललेले एवढेच की ते घडले. एका विधवा बाईने भरपाईचा अर्ज केला. अर्ज व्यवस्थित होता, रक्कमही मंजूर झाली असती. चौकशीसाठी एका कार्यालयातून एक शिपाई आला. बिचारा कामसू माणूस. पण आपल्याकडच्या घरक्रमांकांवरून घर शोधणे देवालाही कठीण, म्हणून त्याने नाक्यावरच्या दुकानात विचारले, ‘अमक्या केसमधली ती बाई कुठे राहते?’ झाले. चार दिवसांनी बाई माझ्याकडे आली. ‘अर्ज मागे घ्या,’ म्हणाली. मी तिला कायदा समजावू लागले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘बाई, पैसे मिळाले नाहीत तर मी गरीब राहीन. गरीब मी आहेच. पण आता मला पाणी भरायला जाता येत नाही.’

अर्ज मागे घेतला गेला. कागदावर काय राहिले? ‘अर्जदारास योजनेचा लाभ नको असल्याने प्रकरण निकाली.’ अशा शेऱ्यांमागे किती फलक दडलेले असतील, हे कोणत्याही अहवालावरून कळणार नाही.

आणि ही केवळ लाजेची गोष्ट नव्हे. रकमेचीही आहे. खून झालेल्या माणसाच्या पत्नीचे नाव वर्तमानपत्रात येऊन गेलेलेच असते. तेथे नाव जपायचे काय उरले, असे कोणी म्हणेल. पण तिला किती लाख मिळाले हे गावाला कळले की दूरचे दीर जवळ येतात, जुनी उसनवारी निघते, देवळाच्या जीर्णोद्धाराची पावतीही येते. नालसाच्या योजनेत रकमेचा 75 टक्के भाग किमान तीन वर्षे मुदत ठेवीत ठेवण्याची तरतूद आहे. मुलांच्या बाबतीत तर ती सज्ञान होईपर्यंतची आहे. ती तरतूद पैसा राखते. पण पैसा आहे ही वार्ता ती राखू शकत नाही. अत्याचाराच्या प्रकरणी याहून वाईट घडते: रक्कम कळली की ‘पैशासाठीच तक्रार केली’ हे वाक्य तयार असते. ते तिठ्यावर बोलले जाते आणि पुढे उलटतपासणीत वकिलाच्या तोंडूनही येते. मी स्वतः आरोपीच्या बाजूनेही खटले चालवले आहेत, म्हणून सांगते, असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो.

गोव्याला या विषयाची एक जुनी जखमही आहे. एका आरोग्यविषयक कागदाने माणसाचे काय होते, ते आपण 1989 साली पाहिले. डॉमनिक डिसोझा हा बार्देशमधला तरुण म्हापशाला नियमित रक्तदान करी. तपासणीत एचआयव्ही निघाला. ही गोष्ट त्याला डॉक्टरने एकांतात सांगावी, तर त्याला पोलीस ठाण्यावर बोलावणे आले आणि त्यावेळच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली 64 दिवस अलग डांबून ठेवले गेले. उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने तो कायदा वैध ठरवला. डॉमनिकने पुढे आपले नाव आपण होऊन उघड केले, संघटना उभारली आणि 1992 साली तो गेला. नाव उघड करण्याचा अधिकार त्याचा होता. पहिल्यांदा ते ज्यांनी उघड केले त्यांचा नव्हता. 2017 सालच्या एचआयव्हीविषयक कायद्यात अशा व्यक्तीला टोपणनावाने न्यायालयात उभे राहता येते. ती सोय व्हायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागली.

मग उपाय काय? पहिला उपाय न्यायालयाने सांगून ठेवला आहे. 11 डिसेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात निर्णय दिला. न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांचे ते खंडपीठ. नावच काय, दुरान्वयाने ओळख पटेल अशी कोणतीही बाब उघड करू नये, असे त्यांनी सांगितले. पीडितेचे नाव ज्यांत आहे ते कागद पोलिसांनी शक्यतो मोहोरबंद ठेवावेत आणि लोकांच्या नजरेस येऊ शकतील अशा दप्तरात त्यांच्या जागी नाव वगळलेली प्रत ठेवावी. आणि, आपल्या विषयाला लागू पडणारे वाक्य हे: तपास यंत्रणेकडून किंवा न्यायालयाकडून ज्या ज्या अधिकाऱ्यांना पीडितेचे नाव कळते, ते सर्व ते गुप्त ठेवण्यास बांधील आहेत. भरपाईची चौकशी करणारे प्राधिकरण यात आले. त्याचा कारकून आला, त्याचा शिपाईही आला. ही दोन दप्तरांची पद्धत वाचली तेव्हा मला गुरुजींच्या दोन वह्या दिसल्या.

हा नियम नुसता कागदावर नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 2018 सालीच जम्मूतील कठुआ प्रकरणात एका लहान मुलीचे नाव आणि छायाचित्र छापणाऱ्या प्रसारमाध्यम संस्थांना दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी 10 लाख रुपये भरावयास लावले, आणि ते पैसे त्या राज्याच्या पीडित भरपाई निधीत जमा करावयास सांगितले. म्हणजे नाव फोडल्याचा दंड भरपाईच्या झोळीत. आपल्या शेजारच्या म्हापशाचेच उदाहरण घ्या. मे 2021 मध्ये तेथील सत्र न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्याचा निकाल दिला. आरोपी निर्दोष सुटला होता. तरीही, निकालपत्रात तक्रारदार स्त्रीची ओळख पटेल असे जे उल्लेख आले होते, ते संकेतस्थळावर निकाल चढवण्यापूर्वी काढून टाकावेत, असा आदेश गोव्यातील उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात दिला. फिर्याद शाबीत झाली तरच नाव जपायचे, असे नाही. हे फार मोलाचे आहे, आणि वकिलांनाही नेहमी ध्यानात राहत नाही.

पण मोहोरबंद पाकीट पोलीस ठाण्यात असून भागत नाही, ते दुकानातल्या प्रश्नापर्यंत पोहोचले पाहिजे. मला सुचणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. अर्जाला क्रमांक द्यावा आणि पत्रव्यवहार त्या क्रमांकाने व्हावा. लिफाफ्यावर विषय लिहू नये. घर विचारायचे असेल तर अर्जात दिलेल्या फोनवर आधी विचारावे; शक्य असेल तर अर्जदारालाच पेडण्याला, तालुका विधी सेवा समितीकडे बोलावून चौकशी करावी, तिच्या सोयीच्या दिवशी. तिला हवे असेल तर गावाबाहेरच्या शाखेतले खाते चालावे. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. पॉक्सोखाली मुलाचा जबाब घेताना पोलिसाने गणवेश घालू नये, असे कायदाच सांगतो; उत्तम आहे. परंतु जी जीप तो घेऊन येतो, तिच्यावरची अक्षरे कोणी झाकलेली नसतात.

येथे काही आक्षेप येतात आणि ते फुसके नाहीत. पहिला असा की हा जनतेचा पैसा आहे. कोणाला दिला हे जनतेला कळू नये काय? हिशेब कळलाच पाहिजे. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती दिवसांत, सरासरी किती रक्कम, फेटाळले ते कशासाठी, हे सारे प्रसिद्ध व्हावे आणि आजच्यापेक्षा अधिक व्हावे. पण जेथे एका तालुक्यात वर्षाला दोनच अर्ज येतात, तेथे तालुकावार आकडाही बोट दाखवतो. तो जिल्ह्याच्या आकड्यात मिळवावा. दुसरा आक्षेप आरोपीच्या बाजूचा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप करणारी कोण हे कळलेच पाहिजे. बरोबर आहे, आणि त्याला ते कळतेच. बंद दाराआड खटला चालतो तेव्हाही त्याचा वकील आत असतो. न्यायालयाला आणि बचावाला नाव कळणे वेगळे, गावाला कळणे वेगळे.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा गैरसमजाची आहे आणि तिच्यावर मला थोडे थांबायचे आहे. ‘नाव गुप्त ठेवा’ म्हटले की आपल्याकडे काही वडीलधाऱ्यांचे डोळे चमकतात. त्यांना वाटते, हेच तर आम्ही म्हणत होतो. गावाची अब्रू, घराण्याची अब्रू, मुलीच्या धाकट्या बहिणीची सोयरीक, तेव्हा बोभाटा नको, तक्रारच नको. मित्रहो, हे गुप्तता राखणे नव्हे, हे झाकणे आहे. गुप्तता पीडितेच्या ताब्यात असते, झाकाझाक इतरांच्या. सज्ञान पीडितेने लेखी संमती दिली तर तिचे नाव उघड करता येते, अशी सोय 1983 च्या कलमातच आहे. म्हणजे तिला बोलायचे असेल तर तिला गप्प बसवण्याचा हक्क कायद्याने कोणाला दिलेला नाही. आणि मुलांच्या बाबतीत तर झाकणे हाच गुन्हा आहे. पॉक्सोचे कलम 19 सांगते की असा अपराध घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. कलम 21 प्रमाणे न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. शिक्षकांना हे लागू आहे. मुख्याध्यापकांना आहे, संस्थाचालकांनाही आहे.

शाळेने कळवायचे आणि शाळेनेच गुप्त ठेवायचे, ही दोन्ही कामे एकाच वेळी कशी करावीत? माझा अनुभव असा की पहिले काम न करणाऱ्या संस्था थोड्या, पण ते करताना दुसरे विसरणाऱ्या पुष्कळ. शिक्षकांची सभा बोलावली जाते, इतिवृत्तात नाव लिहिले जाते, इतिवृत्ताच्या प्रती निघतात. मुलगी पंधरा दिवस गैरहजर राहते आणि हजेरीपटात ‘केस’ असा शेरा पडतो. हे मी स्वतः पाहिलेले आहे. कोठे, ते सांगणार नाही. ज्या मुलीला भरपाईतून पुढचे शिक्षण घ्यायचे असते, ती त्या शेऱ्यामुळे शाळाच सोडते. पॉक्सोच्या 2020 सालच्या नियमांत विशेष न्यायालयाला खटला संपण्यापूर्वीच अंतरिम भरपाई देता येते, आणि शैक्षणिक नुकसान हाही विचारात घ्यावयाचा एक मुद्दा आहे. शाळा सोडावी लागल्याचे पैसे मिळतात. पण त्या मुलीला शाळाच हवी होती.

लोकांना या योजना ठाऊक नाहीत, हीही अडचण आहेच. म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा खटल्यांत, विशेषतः मुले आणि स्त्रिया पीडित असतील तेव्हा, सत्र न्यायालयांनी आपण होऊन भरपाईचा आदेश द्यावा. आनंदाची गोष्ट आहे; तिला स्वतः दार ठोठवावे लागणार नाही. परंतु आदेश न्यायालयातून निघाला तरी तो प्राधिकरणाकडे जातो, तेथून बँकेकडे. वाट तीच, आणि वाटेवरचे दुकानही तेच. आज मोपाला विमानतळ आहे, किनाऱ्यावर देशोदेशीची माणसे राहून जातात, आपले गाव पूर्वीसारखे लहान राहिलेले नाही असे म्हणतात. ज्याचे दुखणे गावाला कळले आहे त्याला विचारा, गाव केवढे आहे ते.

गुरुजी गेले तेव्हा त्यांचे कपाट उघडण्यात आले. दुसरी वही सापडली नाही. त्यांनी ती केव्हा नष्ट केली, कोणाला माहीत नाही. तीत माझा क्रमांक कोणता होता, हे मला कधीच कळले नाही.

ही भाषणे संस्था पुस्तिकेच्या रूपाने छापते, हे मला माहीत आहे. तेव्हा संपादकांना एक विनंती. मुद्रिते तपासताना मी सांगितलेल्या हकिगतींतील एखाद्या तपशिलावरून कोणी कोणाला ओळखील, अशी शंका जरी आली, तरी तो तपशील खुशाल गाळावा. वाक्य तुटले तरी चालेल, आणि त्यासाठी मला विचारण्याचीही आवश्यकता नाही.